फॉलिकची गोळी उशिरा सुरू होते

संपादक महोदय,

तासगाव, जतकडे पाळी चुकून महिना-दीड महिना झाल्यावर दवाखाना आठवतो. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मात्र गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. उघडी राहिलेली नळी नंतरच्या गोळ्यांनी मिटत नाही. म्हणून मूल हवे असे ठरले की किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे आणि पहिले तीन महिने चालू ठेवावे. आधीच्या बाळात हा दोष असेल तर ५ मिलिग्रॅम लागते, पण ते डॉक्टरांनी लिहून दिले तरच.

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, १८० दिवस. ती चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही; दोन तासांचे अंतर हवे. लिंबूपाणी चालते. शौचास काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. या गोळीने बाळ काळे होते, हा तर निव्वळ सासुरवाडीचा शोध!

आशाताईंकडे जोडप्यांची नोंद असतेच. फॉलिकच्या गोळ्या त्या यादीवरूनच वाटाव्यात, गरोदरपणाच्या नोंदीची वाट पाहू नये.

– आरोग्यसेविका, तासगाव (जि. सांगली)