हातातली बॅग तुम्हीच काढून घेतलीत, आता जबाबदारीही घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: छोट्या विमानाच्या शिडीशी कॅमेऱ्याची हँडबॅग काढून घेऊन केलेलं नुकसान आणि नाकारलेली भरपाई

महोदय,

पीएनआर आणि तक्रार क्रमांक ई-मेलच्या विषयात दिले आहेत. ते पुन्हा विचारू नका, आजवर प्रत्येकाने तेवढंच विचारलं आहे. आज दुपारी तुमच्या कॉल सेंटरमधून जे ऐकलं, त्यानंतर फोनवर बोलण्यात अर्थ उरला नाही, म्हणून लेखी देते आहे.

मी सोलापुरात लग्नांची फोटोग्राफी करते. घर त्यावरच चालतं. आमच्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) कुटुंबातल्या मुलीचं लग्न आंध्रात, मुलाच्या गावी होतं. सोलापूरहून हैदराबादपर्यंत रेल्वेने गेले आणि पुढे तुमच्या एटीआरने, म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानाने. हैदराबादच्या काउंटरवर तुमच्याच माणसाने माझी पाठीवरची बॅग वजनकाट्यावर ठेवली. सात किलोच्या आत भरली. मापातही बसली. तिला हँडबॅगेजचा टॅग लावला, सुरक्षा तपासणी झाली आणि बॅग माझ्या पाठीवर परत आली. आत दोन कॅमेरे, लांबचं टिपणारी ७०-२०० ची झूम लेन्स, जवळची ३५ एमएमची लेन्स, फ्लॅश आणि जादा बॅटऱ्या होत्या.

एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा लहान असतात, हे मला माहीत आहे आणि तुम्हाला तर असायलाच हवं, विमान तुमचं आहे. म्हणूनच मी पुढच्या सीटखाली सरकेल अशी चपटी बॅग घेते. पण बसमधून उतरून विमानाच्या मागच्या दाराशी पोचलो, तर तिथे तुमचा कर्मचारी गाडा घेऊन उभा. दिसेल त्या बॅगेला टॅग लावून गाड्यावर फेकत होता. फेकत होता हा शब्द मी जपून वापरते आहे, ठेवत नव्हता.

मी त्याला सांगितलं की आत कॅमेरे आहेत, बॅग सीटखाली मावते, आधी आत ठेवून बघते, नाही मावली तर स्वतः आणून देते. ‘एटीआर में बॅग अलाउड नहीं है, मॅडम.’ मग काउंटरवर टॅग कशाला लावला, असं विचारलं तर ‘वो काउंटरवाले को पूछो.’ निदान एक कॅमेरा आणि मोठी लेन्स काढून गळ्यात घेते म्हटलं. एका हँडबॅगेखेरीज जवळ ठेवता येणाऱ्या वस्तूंच्या यादीत, लेडीज पर्स आणि छत्रीबरोबर, कॅमेरा किंवा दुर्बीण हे शब्द स्पष्ट लिहिलेले असतात. ते मी त्याला सांगेपर्यंत त्याने चेन लावायला सुरुवात केली होती आणि मागची माणसं ‘चला ना ताई’ म्हणायला लागली होती. टॅगवर सही घेतली, ती अशा घाईत.

आता बॅटऱ्यांचं ऐका, कारण हा माझ्या एकटीच्या लेन्सचा प्रश्न नाही. जादा लिथियम बॅटरी सामानाच्या कप्प्यात टाकायची नसते, ती केबिनमध्ये प्रवाशाजवळच असली पाहिजे. हँडबॅग ऐनवेळी त्या कप्प्यात पाठवायची झाली, तर बॅटऱ्या काढून घ्यायला लावणं हे तुमच्या माणसाचं काम. केबिनमध्ये बॅटरीने पेट घेतला तर कुणी तरी बघतं, पाणी ओततं. सामानाच्या बंद कप्प्यात पेटली तर धूर येईपर्यंत कळणार नाही. याच धोक्यापायी २०१६ च्या एप्रिलपासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायला आंतरराष्ट्रीय पातळीवर बंदी आहे. तुमच्या माणसाने एका शब्दाने विचारलं नाही. मीच ओरडून चेन उघडायला लावली आणि टोप्या लावलेल्या बॅटऱ्या ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. त्या गाड्यावरच्या इतर बॅगांत किती पॉवरबँक गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

आणि हो, माझ्या शेजारची सीट रिकामी होती. पायाखालची जागाही.

उतरल्यावर बॅग पट्ट्यावरून उलटी आली. विमानतळावरच उघडली. ७०-२०० चा माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी, एका बाजूने वाकलेला होता. झूमची रिंग १३५ च्या आसपास येऊन अडकते, जोर लावला की आत वाळू असल्यासारखी करकरते. नुकसानीची तक्रार सामान हातात आल्यापासून सात दिवसांत लेखी द्यायची असते. मी त्याच तासाला, तिथेच दिली. तुमच्या अधिकाऱ्याची सही असलेली प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

लग्नात काय झालं तेही लिहिते, कारण तुमच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही. तेलुगू लग्नात मुहूर्ताच्या क्षणी वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात आणि मधला पडदा खाली येतो. दोघं एकमेकांकडे पहिल्यांदा बघतात ते तेव्हा. भोवती भटजी, मामा, करवल्या, हातात अक्षता घेतलेले पन्नास नातेवाईक. फोटोग्राफरला मांडवाच्या कडेला, लांब उभं राहावं लागतं आणि तिथून ते दोन चेहरे टिपायला लांबची लेन्सच लागते. मी ३५ एमएमने काढले. फोटोत मांडव आहे, माणसं आहेत, मुलीचे डोळे नाहीत. अल्बम बघताना तिच्या आईने विचारलं, ‘अगं, पडदा उतरतानाचा जवळून एकही नाही का?’ ठरलेल्या पैशांतले काही मी स्वतःहून सोडले. तो क्षण परत काढता येत नाही.

यानंतर तुमचं ई-मेलने उत्तर आलं की कॅमेरा ही नाजूक आणि मौल्यवान वस्तू आहे, चेक-इन सामानात ठेवलेल्या अशा वस्तूंची जबाबदारी कंपनी घेत नाही. आणि आज दुपारचं संभाषण जसंच्या तसं देते. कॉल रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच सांगता, तर ऐकून घ्या.

‘मॅडम, कॅमेरा तो फ्रॅजाइल आयटम है. आपने हँडबॅग में क्यों नहीं रखा?’

मी म्हटलं, ती हँडबॅगच होती.

‘लेकिन सिस्टम में चेक-इन दिखा रहा है.’

तुमच्या माणसाने विमानाजवळ काढून घेतली म्हणून तसं दिसतं आहे.

‘जी मॅडम, तो चेक-इन हो गई ना.’

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काउंटर, वजन, टॅग, शिडी, गाडा. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मला वाटलं, ऐकतो आहे. संपल्यावर म्हणाला, ‘मॅडम, नेक्स्ट टाइम कॅमेरा अपने पास ही रखिए.’ मी गप्प झाले. मग त्याने विचारलं की तुमचा इन्शुरन्स नव्हता का, आणि आणखी काही मदत हवी आहे का.

कॅमेरा माझ्याजवळच होता. तो माझ्या पाठीवरून तुम्ही उतरवलात. हे वाक्य मी तुमच्या प्रत्येक माणसाला सांगितलं आहे आणि तुम्हालाही सांगते: मी बॅग खाली दिली नाही, तुम्ही घेतलीत. एका हाताने घ्यायची आणि दुसऱ्या हाताने ‘कॅमेरा चेक-इनमध्ये का ठेवला’ म्हणून नियम दाखवायचा, ही शुद्ध फसवणूक आहे.

देशांतर्गत प्रवासात सामानासाठी माणशी २०,००० रुपयांची मर्यादा असते, हेही मला ऐकवण्यात आलं. ही लेन्स लाखाच्या वरची आहे. जास्त किमतीच्या सामानाची आधी नोंद करता येते, पण ती सामान ताब्यात देताना, काउंटरवर. काउंटरवर तुम्ही माझी बॅग हातात न्यायला पास केली होती. शिडीपाशी, पंखे फिरायची वेळ झालेली असताना, मी कुणाकडे आणि कुठल्या कागदावर नोंद करायला हवी होती, ते कळवा.

वाईट याचं वाटतं की लहान गावांना जोडणारी ही विमानं आम्हालाच हवी आहेत. सोलापूरकरांनी विमानासाठी किती वर्षं वाट पाहिली, ते आम्हाला विचारा. पुढचा लांबचा प्रवास वाचतो म्हणून मी तुमचं तिकीट आनंदाने काढलं होतं आणि व्यवसायातल्या इतरांनाही सांगत होते. आता सांगते की बॅग पायाशी ठेवून रेल्वेने जा.

मला लेन्सच्या दुरुस्तीचा पूर्ण खर्च हवा आहे. सर्व्हिस सेंटरचं अंदाजपत्रक जोडलं आहे. दुरुस्ती होणार नसेल तर लेन्सची किंमत. काउंटरवर पास केलेली बॅग शिडीशी कुठल्या नियमाने घेतली आणि बॅटऱ्यांबद्दल का विचारलं नाही, याचं लेखी उत्तरही हवं आहे.

पंधरा दिवसांत ते आलं नाही, तर सरकारच्या एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार जाईल आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे तारखांना तुमच्या वकिलाला इथे यावं लागेल. मी व्यावसायिक आहे म्हणून ग्राहक नाही, असा मुद्दा तो काढेलच. स्वतःच्या कष्टाने पोट भरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

फोन करू नका. उत्तर लेखी पाठवा, आणि खाली निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव असू द्या.

आपली प्रवासी,
सोलापूर