तुझ्या पत्राला उत्तर: वर्षाच्या हिशेबानं घर चालवताना

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण दोन ओळी खरडून धाडाव्यात असा हा विषय नाही. पगार घटला, वहिनींचं काम सुटलं, आणि निदान वर्षभर तरी एवढ्याच पैशात घर चालवायचंय, असं तू लिहिलंस. शेवटी विचारलंस, "कुठे कुठे कात्री लावू?" आम्ही बरीच वर्षं हात आखडता घेऊनच घर चालवलं, म्हणून तू मला विचारलंस हे फार बरं केलंस. पैशाची ओढाताण माणसं जवळच्या मित्रापासूनही लपवतात, आणि त्या लपवालपवीत कर्ज वाढत जातं.

कात्रीचं नंतर बोलू. आधी एक साधी वही घे आणि तिच्यात अख्ख्या वर्षाचं एक पान आख. डावीकडे बारा महिने, समोर त्या त्या महिन्यात येणारे खर्च. दर महिन्याचे लिहू नकोस, अधूनमधून येणारेच लिही. मुलांची फी, वह्यापुस्तकं, विम्याचे हप्ते, घराचा कर, गाडीचं सर्व्हिसिंग, आईंच्या तपासण्या, नात्यातलं लग्न, बदललेला चष्म्याचा नंबर, घराची डागडुजी. मागच्या वर्षाचं पासबुक आणि मोबाइलवरचे व्यवहार समोर ठेव, नुसत्या आठवणीवर विसंबू नकोस. आणि वहिनींना शेजारी घेऊन बस. तुझ्या ध्यानीमनी नसलेल्या कितीतरी नोंदी त्यांच्याकडून येतील.

हे इतक्या आग्रहानं सांगतोय त्याला कारण आहे. किराणा, भाडं, वीज, रोजचा प्रवास यांची घराला सवय झालेली असते. ओढूनताणून का होईना, ते महिन्यात बसतात. घर कोलमडतं ते या अधल्यामधल्या खर्चांनी. फी भरायची वेळ आली की आपण म्हणतो, "अचानक मोठा खर्च निघाला." फी तर दरवर्षी ठरल्या महिन्यातच येते. विम्याच्या हप्त्याची तारीख कागदावर छापलेली असते. महिन्याच्या हिशेबात त्यांना जागाच नसते, म्हणून ते अचानक वाटतात. मग उसनवारी होते, कार्ड घासलं जातं, आणि पुढचे चार महिने ते फेडण्यात जातात.

तर या सगळ्या खर्चांची बेरीज कर आणि तिला बारानं भाग. येईल तो आकडा पगार हातात पडला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाक. ते घरभाडं आहे असंच समज, त्याला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी यात एक अडचण येते. फी चार महिन्यांवर आली असेल तर बाराव्या हिश्शानं तोवर तिचा तिसरा भागच जमतो. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक खर्चाला त्याच्या तारखेपर्यंतच्या महिन्यांनी भाग. सुरुवातीचे महिने जड जातील, पण एकदा फेरी पूर्ण झाली की पुढच्या वर्षी बाराव्या हिश्शावर काम भागतं.

ज्यांची तारीख ठाऊक नसते, पण जे येणारच असतात, तेही याच पानावर यायला हवेत. मोबाइल, फ्रिज, गादी, गाडीचे टायर. मोबाइल ४ वर्षं टिकेल असं धरलंस तर त्याच्या किमतीचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा दर महिन्याला बाजूला पडला पाहिजे. दहा वर्षं चालणाऱ्या फ्रिजचा एकशेविसावा. हे हिस्से लहान असतात, पण वस्तू बंद पडेल त्या दिवशी दुकानदाराच्या हप्त्यांवर अवलंबून राहावं लागत नाही.

वहीत हातानं लिही. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची छापील वही काढली. तिला तिकडे काकेबो म्हणतात आणि शंभरावर वर्षं उलटून गेली तरी ती वापरात आहे. खर्च त्याच्या प्रकाराप्रमाणे वेगळा करून स्वतःच्या हातानं नोंदवायचा, एवढीच तिची रीत. मोबाइलवरची ॲप बेरीज झटकन करून देतात, ते मी नाकारत नाही. पण लिहिताना जो आकडा हाताखालून जातो, तो दुसऱ्या दिवशी दुकानात उभं असताना आठवतो. आमच्या वहीतला माझा आवडता रकाना अगदी शेवटचा आहे: 'नसतं घेतलं तर काय अडलं असतं?' तिथे सुमन बहुतेक वेळा एकच शब्द लिहिते, पण तो विचार करून लिहिते.

वर्षाचा हिस्सा वगळून जे उरेल, तो तुमचा महिन्याचा खरा खर्च. आकडा पाहून पोटात गोळा येईल. तरी तो आत्ताच दिसलेला बरा.

पन्नास-तीस-वीसचं सूत्र तू कुठेतरी वाचलंस म्हणून लिहिलंयस, म्हणजे निम्मी मिळकत गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. ते सध्या बाजूला ठेव. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासले. मिळकत जितकी कमी तितका तिच्यातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो, हे त्यानं तेव्हाच दाखवून दिलं. तंगीतल्या घराची निम्म्याहून जास्त मिळकत गरजांवरच संपते, आणि त्यात त्या घराचा काही दोष नसतो. ऐपत असलेल्यांसाठी आखलेल्या टक्क्यांत तू स्वतःला बसवायला गेलास, तर दर महिन्याला आपण हरलो असं वाटत राहील. बचत शंभरातले तीन जमली तर तीन लिही.

आता कात्री. मोठ्यापासून सुरुवात कर: घर, गाडी, कर्ज. एकदा निर्णय घेतला की वर्षभर आपोआप वाचत राहतील, अशा ठिकाणी आधी हात घाल. दुसरी गाडी विकलीस तर तिचं इंधन, विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग सगळंच तिच्याबरोबर जातं. दर महिन्याला गुपचूप कापली जाणारी वर्गणी बंद केलीस तर तो विषय तिथेच मिटतो. याउलट रोज दहा लहान गोष्टींना नाही म्हणत राहिलं की माणूस थकतो, चिडचिडा होतो, आणि एखाद्या संध्याकाळी सगळी कसर भरून काढतो. मुलांच्या बारीकसारीक मागण्यांवरून घरात रोज खटके उडवून जे वाचतं, त्याच्या कितीतरी पट एका मोठ्या निर्णयात वाचतं. भाड्याचं घर लहान घेणं जिवावर येतं, मला ठाऊक आहे. तरी त्याचा आकडा मांडून तर बघ. मांडलास म्हणून घर सोडलंच पाहिजे असं नाही.

विजेच्या बाबतीत लोक दिवे मालवत फिरतात आणि गीझर तासभर चालू ठेवतात. वीज खाते ती उष्णता. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा ५५ तास जळतो. म्हणून गीझर, इस्त्री, हीटर यांच्याकडे आधी बघ. फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लाव आणि कागद ओढ. अलगद निसटून आला तर रबर सैल झालंय आणि थंडावा रात्रंदिवस बाहेर जातोय. कधी कधी ते रबर नुसतं मळलेलं असतं. कोमट साबणपाण्यानं खाचाखोचांतून पुसून घ्यायचं, आणि तरीही दार घट्ट बसलं नाही तरच बदलायचं.

नळ गळत असेल तर वायसर बदलायला शिक. खालचा किंवा टाकीवरचा कॉक बंद करायचा, नळ उघडून पाइपातलं उरलंसुरलं पाणी जाऊ द्यायचं, मग पान्यानं वरचा भाग सोडवायचा. आतल्या दांड्याच्या टोकाला वायसर बसवलेला असतो. जुना झाला की त्याच्यावर गोल खाच पडते, कडा कडक होऊन चिरतात. तो काढून त्याच मापाचा नवा बसवायचा आणि पान्याला फार जोर न लावता नळ पुन्हा आवळायचा. दुकानात जाताना जुना वायसर बरोबर ने, म्हणजे मापाचा घोळ होत नाही. मिलीलिटरला वीस थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर आणि वर्षाला जवळजवळ १,६०० लिटर पाणी जातं. पाण्याचं बिल कमी होतं हे खरंच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते असं की अशी दोन-चार कामं हाताला बसली, की घरातलं काही बिघडलं म्हणून छातीत धस्स होत नाही. मुलीलाही शिकव. तिला आवडेल.

किराण्याचं थोडक्यात सांगतो, कारण वहिनींना तुझ्या-माझ्याहून जास्त कळतं. बाजारात जायच्या आधी घरात काय आहे ते बघून यादी करा, आणि आधी जे खराब होईल ते फ्रिजमध्ये पुढे ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. म्हणजे सगळ्यात स्वस्त अन्न शोधत फिरण्याआधी, विकत आणलेलं पोटात जातंय ना, एवढं पाहिलं तरी बराच पैसा वाचतो. मोठं पाकीट घेताना लेबलवरचा किलोमागचा दर बघा. नेहमीच ते स्वस्त पडतं असं नाही.

कर्जाबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तेवढी भरत राहतोयस असं तू सहज लिहून गेलास, आणि तिथेच माझा जीव अडकला. महिन्याला ३ टक्के ऐकायला थोडं वाटतं. चक्रवाढीनं ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. ७२ ला व्याजदरानं भागलं की रक्कम किती काळात दुप्पट होते ते कळतं, हा ठोकताळा लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली नोंदवून ठेवला आहे. तीननं भाग: २४ महिने. कुठल्याही बचतीवर इतकं व्याज तुला मिळणार नाही, म्हणून सध्या तुझी सगळ्यात मोठी बचत म्हणजे ते कार्ड फेडणं. नवी खरेदी त्याच्यावर आजपासून बंद. अडीअडचणीसाठी महिनाभराच्या किराण्याएवढी रक्कम हाताशी ठेव, बाकी जे सुटेल ते कार्डावर. सगळ्यात चढ्या व्याजाचं कर्ज आधी, मग त्याच्या खालचं. बँकेला फोन करून कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळतं का विचार. विचारण्यात कसला कमीपणा? ज्यांच्याकडे थकलंय त्यांच्याशी आपण होऊन बोललेलं केव्हाही चांगलं.

आणि कात्री कुठे लावायची नाही तेही ऐक. आरोग्य विमा बंद करू नकोस. दात दुखायला लागला तर पुढे ढकलू नकोस. आज भरून भागणारा दात वर्षभरानं रूट कॅनॉलला जातो. आईंची औषधं, मुलांच्या पायातली मापाची पादत्राणं, दिवेलागणीनंतर अभ्यासाच्या टेबलावरचा उजेड, यांना हात लावू नका.

त्याहून महत्त्वाचं, वहिनींच्या ताटातली काटकसर. तंगी आली की घरातली बाई आधी स्वतःचं कमी करते. स्वतःचं औषध निम्म्यावर आणते, चष्मा लांबवते, उरलंसुरलं खाऊन उठते, आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. वहीत बचत दिसते, पण ती एकाच माणसाच्या अंगावरून ओरबाडलेली असते. म्हणून वर्षाच्या पानावर प्रत्येकाच्या नावाची ओळ घाल. तपासणी, कपडे, आणि थोडे स्वतःचे पैसे, ज्यांचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. रक्कम अगदी लहान असली तरी सगळ्यांना सारखी. आमच्याकडे ही ओळ आल्यावर सुमनच्या आणि माझ्यातल्या पैशांवरच्या कुरबुरी खूपच कमी झाल्या.

मुलांनाही सांगा. आकडे नकोत, पण यंदा बेतानं राहायचंय आणि त्याचा बेत आपल्याकडे आहे, एवढं त्यांना कळू दे. मोठी माणसं दाराआड कुजबुजतात तेव्हा मुलं खऱ्यापेक्षा वाईट कल्पना करतात. थोरल्याला विजेच्या मीटरचा आकडा दर आठवड्याला लिहायला दे. त्या वयात असं जबाबदारीचं काम मुलं मन लावून करतात.

मिळकत वाढवायचं मी मुद्दामच लिहिलं नाही. वहिनी काम शोधताहेतच, त्यांच्यावर त्याचं आणखी दडपण नको.

वर्षाचं पान तयार झालं की त्याचा फोटो मला पाठव. आकडे दाखवायचे नसतील तर झाकून ठेव, मला तारखा पाहायच्या आहेत. फी आणि विमा एकाच महिन्यात आले असतील, तर विमा कंपनीकडे हप्ता सहामाही करून मागता येतो का ते आपण मिळून बघू. आणि पहिल्या फेरीत कुठे खड्डा पडलाच तर कार्ड बाहेर काढायच्या आधी मला फोन कर. माझ्याकडे फार नाही, पण त्या वेगळ्या खात्यात थोडं आहे, आणि सुमनला विचारूनच हे लिहितोय.

वहिनींना आणि आईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव