सत्कारानंतरचे पहिले १४ दिवस

महोदय,

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या ग्रामीण महाविद्यालयांतले कुणी सहा महिने-वर्षभरासाठी जर्मनीत संशोधनाला निघाले की तालुक्याच्या पानावर सत्काराचा फोटो येतो. अभिमान वाटावा अशीच ती बातमी असते. पण जाणाऱ्याची सगळी धावपळ व्हिसा आणि तिकिटापाशी संपते. खरी अडचण तिथे उतरल्यावर सुरू होते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा एकच असते, राहण्याचा पत्ता.

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी नुसता भाडेकरार पुरत नाही. घर देणाऱ्याच्या सहीचा ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा दाखला लागतो आणि चार दिवसांसाठी घेतलेल्या खोलीचा मालक तो बहुधा देत नाही. नोंद नसेल तर कर क्रमांक येत नाही, आणि कर क्रमांक नसेल तर पगारातून चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. बँक आणि राहण्याचा परवाना देणारे कार्यालयही हीच नोंद मागतात. म्हणून यजमान विभागाला दोन महिने आधीच विचारावे: तुमचे अतिथीगृह हा दाखला देते का? मोठ्या शहरांत नगर कार्यालयाची वेळ मिळायला कित्येक आठवडे जातात, तीही ऑनलाइन मिळत असेल तर इथूनच घ्यावी.

पत्रपेटीकडे तर कुणाचेच लक्ष जात नाही. आपल्याकडे पोस्टमन नावावरून अख्ख्या गावात माणूस शोधून काढतो. तिथे पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतोच, टपाल पडते ते पेटीवरचे आडनाव पाहून. नाव नसेल तर पत्र परत जाते. ११ अंकी कर क्रमांक, बँकेचे कार्ड, त्याचा पिन, सगळे टपालानेच येते. पासपोर्टवर आडनाव जसे आहे तसेच पहिल्या दिवशी पेटीवर लावावे.

घर स्वतः शोधणार असाल तर ‘काल्टमीटे’ म्हणजे हीटिंग वगैरे खर्च सोडून भाडे, ‘वार्ममीटे’ म्हणजे तो धरून. अनामत काल्टमीटेच्या तिप्पटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. रिकाम्या घरात अनेकदा ओटा, शेगडीसुद्धा नसते. वर्षभरासाठी सामानासहित घरच बरे.

नोकरीच्या करारावर जाणाऱ्याला सहसा सार्वजनिक आरोग्य विमा मिळतो. शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याला बहुधा खासगी घ्यावा लागतो. इथून काढलेला प्रवास विमा पुढे राहण्याच्या परवान्यासाठी सहसा चालत नाही. परवान्याचा अर्ज व्हिसाची मुदत संपण्याआधीच गेला पाहिजे.

सामानाबद्दलही सांगायला हवे. युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे घरचे तूप आणि खव्याची संत्रा बर्फी गेली. संत्र्यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. कृषी शाखेच्या मंडळींनी मातीचे नमुने किंवा बियाणे बॅगेत टाकूच नये. मातीला बंदी आहे आणि बियाण्याला प्रमाणपत्र लागते. ज्वारीचे पीठ, तूरडाळ, काळा मसाला खुशाल न्यावा.

नोंदीनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्र येते, दरमहा १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नये, हे शुल्क घरामागे असते. सोबत राहणारा कुणी ते भरत असेल तर त्याच्या शुल्काचा क्रमांक कळवला की पुरे. परतताना ‘आबमेल्डुंग’ करून नोंद काढावी. घर सोडण्याआधी ७ दिवसांपासून ते सोडल्यानंतर १४ दिवसांपर्यंत ती करता येते. राहून गेली तर मागणीपत्रे येतच राहतात.

महाविद्यालयांना विनंती एवढीच: रजामंजुरीच्या आदेशासोबत ही माहिती मराठीत एका पानावर छापून द्यावी, आणि आधी जाऊन आलेल्या सहकाऱ्याच्या संमतीने त्याचा फोन क्रमांक त्याच पानावर लिहावा.

– आर्वी तालुक्यातील काही प्राध्यापक, जि. वर्धा