नांगुनेरीच्या मतदारांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत 'वसंत अँड को' या घरगुती उपकरणांच्या दुकानांचे संस्थापक आणि तमिळनाडूतले काँग्रेसचे नेते एच. वसंतकुमार यांच्यावरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. माणूस कर्तबगार, वाद नाही. व्हीजीपी या कंपनीत सेल्समन, १९७८ साली स्वतःचं दुकान, मग तमिळनाडूभर शाखा. पण लेखकमहाशय 'शून्यातून' म्हणतात ते दुकानापुरतं खरं. राजकारणात थोरले बंधू कुमरी अनंतन आधीच होते, प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष राहिलेले. त्यांचं नावही लेखात नाही. निवडणुकीतलं ४१७ कोटींच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मात्र चौकटीत!

'जो गिऱ्हाईक सांभाळतो तो मतदारही सांभाळतो' हा लेखातला सिद्धान्त तर फारच गोड. २०१६ साली तमिळनाडूतल्या नांगुनेरी मतदारसंघाने त्यांना दुसऱ्यांदा आमदार केलं. २०१९ च्या मे महिन्यात ते कन्याकुमारीतून खासदार झाले आणि आमदारकी सोडली. नियमाने सोडावीच लागते, मान्य. पण लोकसभेला उभं राहायची सक्ती कोणी केली होती? ऑक्टोबरात पोटनिवडणुकीसाठी नांगुनेरीकर पुन्हा रांगेत, आणि जागा गेली अण्णाद्रमुककडे. वॉरंटी संपायच्या आत दुकानदाराने शटर ओढलं, तर आपण काय म्हणतो?

आमच्या पेठेतही मिक्सर-कुकर विकणारे एक शेठ होते. गल्ल्यावर बसायचे तेव्हा, "वहिनी, बिघडला तर बिनधास्त घेऊन या, मी आहे ना!" नगरसेवक झाले आणि नेमकं आमच्या मिक्सरचं भांडं गळायला लागलं. दुकानातला पोरगा म्हणे, कार्डावर शिक्का नाही, शेठना विचारावं लागेल. शेठ कुठे? महापालिकेत. महापालिकेत जावं तर शेठ दुकानात. शेवटी गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा एकदाचे भेटले. अर्ज न वाचताच खिशात घातला आणि म्हणाले, "काका, जुना देऊन नवा घेऊन टाका, तुमच्यासाठी भाव कमी करतो." हिने घेतलासुद्धा! गटार तुंबलेलंच आहे.

जाता जाता आणखी एक. हल्ली तुमच्या अंकाची पहिली दोन-चार पानं फ्रीज-टीव्हीच्या सेलचीच असतात, बातमी आत शोधावी लागते. एवढं असताना दुकानदारांची आरती पुरवणीत वेगळी कशाला? ती जागा शब्दकोड्याला द्या. हल्ली त्याचे आकडे भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि शनिवारच्या कोड्याचं उत्तर अजून छापलेलं नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार