अण्णांच्या डोळ्याचे फोटो, आणि तुझा पहिला

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू जरा चिडूनच बोललास. अण्णांना ६/६ दिसतंय, पेपर वाचतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मग दर सहा महिन्यांनी त्यांना एसटीने कोल्हापूरला आणून डोळ्याचे फोटो कशाला काढता, असं तुझं म्हणणं. ओपीडी भरलेली होती म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही, आता रात्री निवांत बसून लिहितोय. लांबेल, पण पूर्ण वाच.

तुला आठवतं का, ओढ्याकडच्या वावराचा बांध? शेजारचा दर साली नांगरताना दोन-दोन बोटं कोरत होता, उभं राहून बघितलं तर बांध जागच्या जागी दिसायचा, आणि शेवटी अण्णांनी मोजणी आणली तेव्हा कळलं की दोन गुंठे गेले. अण्णांना जो काचबिंदू आहे, त्याचं अगदी तसंच आहे बघ. डोळ्याच्या पडद्यावरून दहा लाखांहून जास्त बारीक धागे एका जागी गोळा होतात आणि जुडी बांधून नसेतून मेंदूकडे जातात. त्या जागेला आम्ही डिस्क म्हणतो, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची. मधोमध खड्डा असतो, तो कप, आणि भोवतीचा गुलाबी काठ म्हणजे ते जिवंत धागे. धागे मरत जातात तसा कप काठाला कोरत जातो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचं अक्षर शेवटपर्यंत वाचता येतं. आधी जातं ते कडेचं, आणि तेही एका डोळ्याचं गेलेलं दुसरा डोळा झाकून घेतो. म्हणून "मला दिसतंय की" या वाक्याची मला खरंच भीती वाटते रे.

अण्णांचं सापडलं तेही मोतीबिंदूच्या तपासणीत, २०१९ ला. डिस्कच्या रुंदीच्या मानाने उजव्या डोळ्याचा कप ०.६ आणि डाव्याचा ०.४. नुसता मोठा कप म्हणजे काचबिंदू नव्हे, काहींची डिस्कच जन्मतः मोठी असते आणि मग कपही मोठा असतो, पण दोन डोळ्यांत एवढा फरक आला की आमच्या डॉक्टर मॅडम लगेच थांबतात. डोळ्यातलं प्रेशर होतं १७, म्हणजे कागदावर नॉर्मल. तेव्हा काकूंनी विचारलं होतं, प्रेशर नॉर्मल मग काचबिंदू कसा? तर असाही असतो, काही नसा साध्या प्रेशरलाही टिकत नाहीत. आणि अशा लोकांचं प्रेशर अजून ३० टक्के खाली आणलं तर नुकसानाचा वेग कमी होतो, हे १९९८ च्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. म्हणून ते रात्रीचे थेंब. ते चुकवू देऊ नकोस.

आता ओसीटीचं, म्हणजे डोळ्याच्या आतले थर दाखवणाऱ्या स्कॅनचं सांगतो, कारण तुझा सगळा राग त्या मशीनवर आहे. १९९१ ला अमेरिकेत एमआयटीमधल्या टीमने हे तंत्र पहिल्यांदा दाखवलं. सोनोग्राफीत आवाज परत येतो, इथे उजेड परत येतो, एवढाच फरक धर. एक्स-रे वगैरे काही नाही, डोळ्याला हातसुद्धा लागत नाही. डिस्कभोवती गोल फिरून मशीन त्या धाग्यांच्या थराची जाडी मोजतं, मायक्रॉनमध्ये. चांगल्या डोळ्यात सरासरी ९०-१०० च्या आसपास येते, आणि वर-खाली थर जाड असल्यामुळे आलेखात दोन उंचवटे दिसतात. अण्णांच्या उजव्या डोळ्यात खालचा उंचवटा बसायला लागलाय. खालचे धागे गेले की नजर वरची जाते, त्यामुळे बटण दाबायच्या फील्ड टेस्टमध्ये त्यांना वरचे ठिपके सुटतात. (त्या टेस्टला ते जाम वैतागतात, पण सोडवून घेऊ नकोस, फोटो नसेची तब्येत सांगतो आणि दिसतं किती ते फील्ड सांगतं, दोन्ही लागतं.)

आणि सहा महिन्यांनी का, तर एका फोटोने फार काही कळत नाही म्हणून. २०१९ ला त्यांची सरासरी ८८ होती. नंतर ८६ आली तेव्हा आम्ही काहीच केलं नाही, कारण तोच डोळा त्याच दिवशी दोनदा मोजला तरी चार-पाच मायक्रॉन इकडे-तिकडे होतात, आणि वयानेही थोडं कमी होतंच. मग ८३ आली. मग ७९. एकेक रिपोर्ट सुटा बघितला असता तर कुणीही म्हणालं असतं ठीक आहे, पण चारही टेबलावर ओळीने ठेवले आणि उतार दिसला, दुसरे थेंब तेव्हा सुरू झाले. त्याच सुमाराला रंगीत फोटोत काठावर काडीएवढी रक्ताची रेघ सापडली होती, ती मीच टिपली. ती ओसीटीत बहुधा कळत नाही आणि काही आठवड्यांत विरून जाते, पण ती दिसली म्हणजे बांध कोरणं चालू आहे असं समजायचं. म्हणून साधा फोटो पण काढतो रे, बिल वाढवायला नाही.

मशीनवर आंधळा विश्वास ठेवू नये हेही मला मान्य आहे. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडून एक चूक झाली होती. एका बाईंचे डोळे कोरडे होते, सिग्नल कमी आलेला, मी तसाच प्रिंट दिला आणि त्यात सगळीकडे लाल, म्हणजे थर पातळ. बाई बाकावर बसून रडायला लागल्या. अश्रूंचे थेंब घालून परत काढला तर सगळं हिरवं. त्या दिवसापासून सिग्नल कमी असेल तर मी प्रिंट देतच नाही, पेशंट कितीही घाईत असू दे. आणि दुसरी बाजू, नस फारच खराब झाली की ५०-५५ च्या खाली आकडा उतरतच नाही, कारण धागे मेले तरी रक्तवाहिन्या आणि आधाराच्या पेशी उरतात. म्हणजे तिथे मशीन गप्प बसतं. त्याचा खरा उपयोग सुरुवातीला आहे, फील्डमध्ये डाग दिसेपर्यंत पाव हिस्सा तरी धागे गेलेले असतात, त्याच्या आधी.

आता मुद्द्याचं. वडिलांना काचबिंदू, तू ४४ चा, आणि तुला कॉलेजपासून मायनस सहाचा नंबर. मोठा मायनस नंबर हा स्वतःच एक धोका आहे, त्यात घराण्यातून आलेला हा दुसरा. आत्यांनाही सांगायला पाहिजे, सख्ख्या भावंडांना तर जास्तच. तुझा प्रिंट बहुतेक लाल-पिवळा येईल, आत्ताच सांगून ठेवतो, कारण तो रंग मशीनमधल्या नॉर्मल लोकांशी तुलना करून येतो आणि तुझ्याएवढ्या नंबरचे लोक त्यात फारसे घेतलेलेच नसतात. लांबुडक्या डोळ्यात थर पातळ आणि सरकलेला दिसतो. घाबरायचं नाही. तुझी तुलना पुढे तुझ्याशीच करायची आहे, आणि त्यासाठी आजचा एक फोटो हातात पाहिजे. मोजणीच्या खुणाच नसतील तर दहा वर्षांनी भांडणार कशावरून?

अण्णांची तारीख पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी आहे, त्यांच्याबरोबर तूच ये. चष्म्याचे जुने नंबरचे कागद असतील तेवढे घेऊन ये. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी कधी स्टेरॉईड घेतलं असशील तर आठवून ठेव, त्याने प्रेशर वाढतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालू, चार-पाच तास जवळचं धूसर दिसेल, तेव्हा गाडी स्वतः चालवत येऊ नकोस, वहिनींना नाहीतर ड्रायव्हरला घे. सकाळी नऊच्या आत पोच, गर्दी व्हायच्या आधी दोघांचे स्कॅन मी स्वतः करतो.

तुझाच,
दत्ता