झोपेकडे स्वतंत्रपणे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या आघातानंतर किंवा नैराश्यात झोप उडाली, तर ‘मूळ दुखणे बरे झाले की झोपही येईल’ असे घरचे सांगतात आणि पुष्कळदा दवाखान्यातही तेच ऐकायला मिळते. ही समजूत अपुरी आहे. नैराश्याची इतर लक्षणे ओसरल्यावरही निद्रानाश मागे राहू शकतो, आणि तो राहिला तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

दोन्ही विकारांतली झोपमोड मात्र सारखीच नसते. नैराश्यात अनेकांना भल्या पहाटे जाग येते आणि तीच वेळ मनाला सर्वांत जड जाते. पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकारात, झोपेचीच धास्ती बसते. डोळा लागला की तोच प्रसंग पुन्हा दिसेल, या भीतीने माणूस जागत बसतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गावे झोपेत असताना झाला. झोपेतच ज्यांच्या अंगावर घर कोसळले, त्यांना ‘निवांत झोपा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मग हाती येते ती झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारखी औषधे औषध नियमांच्या ‘एच-१’ परिशिष्टात असल्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते. तरीही जुनीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालते, हे औषध दुकानांत जाणाऱ्यांना सांगायला नको. या गटातील औषधांची सवय लागते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात निद्रानाशासाठी ती देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सुचवले आहे. (दारूचा आधार तर त्याहून फसवा, कारण तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.) अर्थात, चालू असलेली गोळी कोणीही डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नये.

उठण्याची वेळ न बदलणे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न राहणे, अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच ठेवून हळूहळू वाढवणे, अशा गोष्टींवर आधारलेली वर्तनोपचार पद्धत निद्रानाशावर पहिला उपाय मानली जाते. दुःस्वप्नाचा शेवट दिवसा, जागेपणी बदलून तो मनात घोळवण्याचा सरावही काहींना उपयोगी पडतो. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, शिकवलेली माणसे लागतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समुपदेशकांना हे प्रशिक्षण शासनाने द्यावे आणि तोवर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकाची माहिती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठळकपणे लावावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक