कॅसेटचीही प्रत ग्रंथालयात जायला हवी

संपादक महोदय,
स.न.

‘आता सगळं ऑनलाइन मिळतं’ असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मुंबईतल्या जुन्या रॉक संगीताच्या नादी लागलेल्यांना ते पटणं कठीण आहे. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव गाजला, १९९३ मध्ये ‘रॉक मशीन’ या बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं, १९९६ मध्ये ‘पेंटाग्राम’ या बँडचा पहिला अल्बम आला. ही नावारूपाला आलेली मंडळी. एखादी कॅसेट काढून मुकाट्याने नोकरीला लागलेल्या पोरांचं काय? ती कॅसेट माळ्यावर सापडलीच, तर टेपवर पांढरी बुरशी आणि प्लेअरच्या हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) टेप टेकवून धरणारा फेल्टचा तुकडा गळालेला.

अशी गोष्ट हाती लागणं हा निव्वळ नशिबाचा खेळ असतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या ‘पांचिको’ या बँडने २००० साली चार गाण्यांची एक सीडी काढली, प्रती जेमतेम तीसेक. २०१६ मध्ये तिची एक प्रत जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात सापडली आणि गाणी इंटरनेटवर पोचली. सीडी इतकी सडलेली, की गाण्यांत मधूनमधून नुसता खरखराट. वेष्टनावर वादकांची फक्त पहिली नावं होती. चाहत्यांनी किमतीच्या स्टिकरवरून दुकानाचा माग काढला, फेसबुकवर त्या नावाच्या माणसांना निरोप धाडले आणि २०२० मध्ये गायक सापडला. बँड पुन्हा उभा राहिला, एवढंच नव्हे तर सडलेल्या आवाजातली गाणीही त्यांनी नव्या आवृत्तीत ठेवली!

इंटरनेटवर चढवलं म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१५ पर्यंत चढवलेली कोट्यवधी गाणी सर्व्हर बदलताना गमावल्याचं ‘मायस्पेस’ या वेबसाइटने २०१९ मध्ये कबूल केलं. त्यातली जेमतेम पाच लाख ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या डिजिटल संग्रहालयाच्या हाती लागली.

आपल्याकडची अडचण कायद्यात आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यात मुंबईच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालयही येतं. या कायद्याच्या ‘पुस्तका’त छापील स्वरलिपीचा कागद बसतो, पण ध्वनिमुद्रण बसत नाही. म्हणजे गाणं कागदावर असेल तर जपायचं, वाजलं की वाऱ्यावर! फ्रान्समध्ये ध्वनिमुद्रिकाही १९३८ पासून अशाच जमा होतात.

गंमत म्हणजे, कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या कलाकृतीची जतनासाठी डिजिटल प्रत करू देतं. अट अशी, की तिची डिजिटल नसलेली प्रत (उदाहरणार्थ कॅसेट) ग्रंथालयाकडे आधीच असावी. तीच तर नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं टिकतो, त्यामुळे १९९६ ची कॅसेट २०५६ पर्यंत बांधलेली. तोवर टेप राहील का?

केंद्राने कायदा बदलेपर्यंत राज्य शासनाने निदान मध्यवर्ती ग्रंथालयात अशा कॅसेट आणि सीडी देणगी म्हणून स्वीकारायला सुरुवात करावी. ज्यांच्या घरी त्या पडून आहेत त्यांनी बुरशी आलेली कॅसेट प्लेअरमध्ये घालून पाहू नये, टेप गुंतते आणि हेडही खराब होतं. आतला कागद मात्र फेकू नये. स्टुडिओचं नाव आणि ड्रम कोणी वाजवले हे बहुधा तेवढ्यावरच असतं.

— एक वाचक, डोंबिवली